जाड साल

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. दुधात पाणी किती, रिक्षावाला लांबून का नेतोय, समोरचा आडनाव विचारतोय ते कशासाठी, सगळीकडं माझं लक्ष. आता केस पिकले, दवाखान्यातली नोकरी संपत आली, तरी घरात सफरचंद आलं की मी पहिल्यांदा ते नखानं खरवडून बघते. हल्ली त्याला मेण चोपडतात म्हणे. माझा मुलगा म्हणतो, "आई, तू फळ खात नाहीस, फळाची चौकशी करतेस." म्हणू दे. पण ही सवय मेणामुळं लागलेली नाही. ती लागली तेव्हा मी दहावीत होते, आणि मेणबिण आमच्या गावीही नव्हतं.

आमची वाडी निमगाव सावाच्या पुढं. दादा, म्हणजे माझे वडील, फळं विकायचे. आसपासचे आठवडे बाजार करायचे, आणि चतुर्थी आली की टेम्पोत माल टाकून लेण्याद्रीच्या पायथ्याला जायचे. सुट्टी असली की मीही बरोबर. वर डोंगरात आम्हा बौद्धांची लेणी, तिथंच गणपती, आणि खाली पायऱ्यांशी दोन्हीकडच्या माणसांना पेरू आणि काकडी विकणारे दादा. माकडांवर लक्ष ठेवायचं काम माझं. घर दोन खोल्यांचं, पण वास असा की येणारा माणूस दारातच थांबून नाक वर करायचा. पहाटे दादा सफरचंदाच्या लाकडी पेटीचे खिळे उपसायचे, त्या कर्र आवाजानं मला जाग यायची. पेटीच्या फळ्यांची आमच्या घरात मांडणी झाली होती, पाट झाले होते, माझं अभ्यासाचं टेबलही त्याच फळ्यांचं. आणि लोकांना वाटायचं, फळवाल्याची पोरं म्हणजे मजा. कसली मजा. फळवाल्याच्या घरात चांगलं फळ कुणी खात नाही. डागी केळ्यांची शिकरण, मऊ पडलेल्या पपईच्या फोडी, एका बाजूनं काळा पडलेला चिकू. अख्खं, बिनडागाचं सफरचंद मी पहिल्यांदा खाल्लं ते स्वतःच्या पगारातून.

पण फळ ओळखायला दादांनी शिकवलं ते आजवर पुरलं. चिकूला नखानं बारीक ओरखडा काढायचा, आत हिरवं दिसलं तर अजून दोन दिवस ठेव. सीताफळाचे डोळे उघडून आतली पांढरी रेघ दिसायला लागली की उद्या ते पिकणार. पेरू नाकानं ओळखायचा. सफरचंदाला टिचकी मारून कान द्यायचा: टणक आवाज आला तर करकरीत, बद्द आवाज आला तर आत रवाळ झालंय, तोंडात पीठ होणार. देठाजवळची साल सुरकुतलेली असली तर फळ म्हातारं, वरून कितीही लाल असू दे. आणि कुठलंही फळ अंगठ्यानं दाबायचं नाही, तळव्यावर तोलायचं. गाडीवर कुणी दाबादाबी करायला लागलं की दादा गोड आवाजात म्हणायचे, "पावणं, सफरचंद हाय ते, दारावरची बेल न्हाई." माणूस ओशाळायचा आणि अर्धा किलोऐवजी किलो घेऊन जायचा.

फळांच्या आधी दादांनी एसटीच्या थांब्यावर चहाची टपरी टाकली होती. चार महिन्यांत ती बंद पडली. चहा वाईट होता असं कुणीच म्हणालं नाही. लोक नुसते पुढच्या टपरीवर जायचे. आजोबांनी दीक्षा घेतली, घरात देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची मूर्ती आली, आमच्याकडं सगळं बदललं, पण थांब्यावर उभी राहणारी माणसं तीच होती ना. मग दादांनी हातगाडी घेतली. आई कधी टपरीची आठवण काढून चिडली की ते म्हणायचे, "फळाला साल असती म्हणून आपला धंदा चालतो." लहानपणी मला हे काही कळायचं नाही. पुढं कळलं. केळं सोलून खातात, मोसंबी सोलून खातात, आमचा हात लागतो तो सालीला, आणि साल तर फेकूनच द्यायची असते. घोळ फक्त सफरचंदात. ते सालीसकट खातात.

वैशाली माझी वर्गमैत्रीण, बाकावरची शेजारीण. तिचं घर गावातलं, जुनं शेतकऱ्यांचं, जमीन बक्कळ. ती घरातलं शेंडेफळ, वरची भावंडं लग्नं होऊन, नोकऱ्या धरून पांगलेली. त्यांच्या पडवीत ट्यूबलाइट होती, म्हणून दहावीचं वर्षभर मी संध्याकाळी तिथं अभ्यासाला जायचे. तिच्या आईला आम्ही काकू म्हणायचो. काकू निरगुडसरच्या माहेरवाशीण, कमी बोलणाऱ्या, सदा दाताला मिश्री लावलेली. वडील अण्णा. ते मात्र लई गोडबोले. मला बघितलं की म्हणायचे, "आली का आमची डॉक्टरीण." गाडीवर येऊन दादांकडून डझनानं केळी घ्यायचे, चेष्टा करायचे. गोड बोलणाऱ्या माणसाबद्दल मला तेव्हाही जरा धाकधूक वाटायचीच, पण अण्णांनी कधी बोट ठेवायला जागा दिली नाही.

मी तिथं जायला लागले तेव्हा आईनं पहिल्याच आठवड्यात उलटतपासणी घेतली. "चहा कशात देत्यात तुला?" "कपात." "कंच्या कपात?" "सगळ्यांच्याच." "नीट बघ. कान तुटलेला असंल, न्हाईतर वायला ठेवलेला असंल." मी बघितलं. नुसतं बघितलं नाही, एकदा चहा पिऊन झाल्यावर कपाच्या बुडाला बॉलपेननं ठिपका काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी चहा आला, माझ्या कपाला ठिपका नव्हता. अण्णांनी कप तोंडाला लावून वर केला, तेव्हा बुडाला माझा निळा ठिपका दिसला. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं." तिचा विश्वास बसला नव्हता, पण माझा बसला. मला ते घर आवडायला लागलं.

परीक्षेला दोनेक महिने होते तेव्हा अण्णांना कावीळ झाली. पडवीतच खाट टाकली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण हातात सफरचंदाची पिशवी घेऊन यायचा. आमच्याकडं तेव्हा सफरचंद म्हणजे आजाऱ्याचं फळ. धडधाकट माणसानं ते विकत घेतलं तर लोक विचारायचे, घरात कुणाला काय झालंय. दादांनी पेटी फोडली, एकेक फळ तळव्यावर तोललं, टिचक्या मारल्या, आणि पाच निवडून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून माझ्याकडं दिली. "अण्णांना दे. म्हणावं, लवकर बरं व्हा." मी नेली. काकूंनी घेतली, "कशाला गं एवढी," म्हणाल्या आणि खिडकीत वेगळी ठेवली. बाकीच्यांची टोपलीत होती.

मी पुस्तकात डोकं घालून बसले होते, पण स्वयंपाकघराचं दार समोरच. काकूंनी खिडकीतलं एक सफरचंद घेतलं, धुतलं आणि सोललं. सोललेल्या पांढऱ्या फोडी अण्णांपुढं ठेवल्या. मला त्यात काही वाटलं नाही. आजारी माणूस, सोलून दिलं. थोड्या वेळानं कुणी पाहुणे आले, काकूंनी टोपलीतलं सफरचंद चिरलं आणि अण्णांनी त्यांच्याबरोबर तेही खाल्लं, सालीसकट. फोडींच्या कडा लालभडक दिसत होत्या. मी गणित चुकवलं.

पुढच्या बाजारी दादांनी परत पाच दिली. परत तेच. माझं सोललं, टोपलीतलं सालीसकट. आणि साल तरी केवढी जाड काढायच्या काकू. वांग्याचं देठ पातळ काढणारी बाई ती, शेंगेचा दोरा सुद्धा वाया न घालवणारी, पण आमच्या सफरचंदाची साल काढताना अर्धा गर सालीबरोबर जायचा. माझ्या मनात आलं, आमचा हात किती खोल लागतो असं वाटत असेल यांना. घरी दादा विचारायचे, "गोड लागलं का अण्णांना?" मी म्हणायचे, लागलं.

तरी मी घाई केली नाही. उगाच कुणावर आळ घ्यायचा नाही, एवढी अक्कल होती. म्हटलं, दादांची फळं कदाचित जाड सालीची असतील, कावीळवाल्याला बाधत असतील. म्हणून तिसऱ्या खेपेला मी पेटीतली एकसारखी आठ सफरचंदं घेतली. चार कागदात गुंडाळून स्वतः नेणार होते. चार दिली सुरेखाला. सुरेखा आमच्याच वर्गातली, वैशालीच्या भावकीतली. तिला म्हटलं, "तुझी आई अण्णांना बघायला जाणार आहे ना, ही तुमच्याकडची म्हणून दे." तिला काय, फुकटात मिळाली. ती आईबरोबर पुढं गेली, मी मागून. त्या संध्याकाळी मी एकही ओळ वाचली नाही. काकूंनी सुरेखाचं सफरचंद चिरलं, सालीसकट. तासाभरानं माझं घेतलं, आणि सोललं. एकाच पेटीतली, एकाच झाडाचीसुद्धा असतील.

आणखी एक गोष्ट मी बघितली, आणि तिनं माझं डोकं पार फिरलं. त्यांच्या मागच्या दारी दोन शेळ्या होत्या. घरातलं सगळं त्यांच्या टोपलीत जायचं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागं गेले आणि टोपली बघितली. वाटाण्याच्या शेंगा होत्या, मेथीच्या काड्या होत्या, केळ्याच्या साली होत्या. सफरचंदाची साल नव्हती. उकिरड्यावर बघितलं, तिथंही नव्हती. म्हणजे आमच्या हातची साल शेळीलासुद्धा चालत नव्हती. कुठं लांब नेऊन टाकत असतील, नाहीतर चुलीत घालत असतील. मी तिथं अंधारात उभी राहिले आणि मला रडू आलं. ते आलं म्हणून माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी जायचंच नव्हतं, पण पुस्तकं तिथं राहिली होती. मी गेले तर काकू पडवीत बसलेल्या, तोंडावर नेहमीपेक्षा जास्त आनंद. वैशालीनं तर मला मिठीच मारली. काकू म्हणाल्या, "बस. तुज्याशी बोलायचंय. मंचरला माज्या भावाच्या घरामागं एक खोली हाय, मोकळीच हाय. वैशीला सायन्सला तिथं घालायचीय. पर एकटीला मी न्हाई धाडायची. तू चल तिच्यासंगं. दोघी रांधून खावा, दोघी शिका. तुज्या दादांशी मी बोलते." आमच्या वाडीपासून सायन्सचं कॉलेज लांब, एसटीचा भरवसा नाही, आणि मंचरला खोली घेऊन द्यायची दादांची ऐपत नव्हती. मला सायन्सला जायचं होतं, दुसरं काही नकोच होतं. ही खोली म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य होतं, ते मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं. आणि काकूंनी माझ्यापुढं बशी सरकवली. सफरचंदाच्या चार फोडी, टोपलीतल्या, सालीसकट.

मी म्हटलं, "काकू, मला साल काढून द्या."

"का गं?"

"कुणाकुणाचा हात लागलेला असतो."

खाटेवर अण्णा खोकले. वैशाली माझ्याकडं बघतच राहिली, तिला काही कळलं नव्हतं, किंवा कळलं असेल, मला आजही सांगता येणार नाही. काकूंनी बशी उचलली. सुरी आणली. एकेक फोड घेऊन तिची साल काढली, बशी परत माझ्यापुढं ठेवली, साली मुठीत धरल्या आणि आत गेल्या. मी फोडींना हात लावला नाही. पुस्तकं उचलली आणि घरी आले. मला फार भारी वाटत होतं. सोळाव्या वर्षी असं चोख बोलायला जमलं, याचा पुढं कितीतरी वर्षं मला अभिमान होता.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "ब्येस केलंस." दादा भाकरी खात होते, ते थांबले. म्हणाले, "मला म्हाईत व्हतं. तिथनं आलीस की तुज्या तोंडावर दिसायचं." मी उसळलेच. माहीत होतं तर दर खेपेला सफरचंदं कशाला पाठवायची, केळी पाठवायची, झाकली मूठ राहिली असती. दादांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "केळी धाडली असती तर मला कसं कळलं असतं? दर टायमाला वाटायचं, आता न्हाई सोलनार." आणि परत भाकरी खायला लागले. मला तेव्हा त्यांची कीव आली. आज वाटतं, आमच्या घरात संशयी मी होते आणि चौकशी दादा करत होते, फक्त त्यांना उत्तर वेगळं हवं होतं.

मी मंचरला गेले नाही. काकूंनी दादांकडं निरोप पाठवला, एकदा नाही, दोनदा. मी नाही म्हटलं. वैशाली एकटीच गेली, मामीच्या घरात राहिली, पुढं लग्न होऊन पुण्याला. रस्त्यात भेटली तरी आम्ही तब्येतीचं बोलायचो, बाकी काही नाही. मी वर्षभर गाडीवर उभी राहिले, मग नर्सिंगला गेले. नोकरी चांगली झाली, माझी तक्रार नाही. पण दवाखान्यात प्रत्येक खाटेशेजारी सफरचंदाची पिशवी असते, आणि मी इतकी वर्षं बघत आले की कोण कुणाचं सोलून खातं. सवय जात नाही.

पंधराएक वर्षं गेली. अण्णा तोवर वारले होते. मी सुट्टीला घरी गेले होते, तर दादा म्हणाले, "काकू आजारी हायेत. जाऊन ये. सफरचंदं घेऊन जा." गाडी त्यांनी कधीच बंद केली होती, पण दुकानातून आणलेली फळं अजून टिचक्या मारून घेत. मी म्हटलं, मी नाही जाणार. ते म्हणाले, "नर्स हायेस ना? पेशंट म्हनून जा." आता याला काय बोलणार.

पडवीत तीच खाट, आता तिच्यावर काकू. एवढीशी झाली होती बाई. मिश्रीनं दात सगळे गेलेले, गाल आत. मला ओळखलं, हात धरला, सोडेचना. मी नाडी बघितली, गोळ्या बघितल्या, जे बोलायचं ते बोलले. मग पिशवीतून सफरचंद काढलं, सुरी मागून घेतली आणि, खोटं कशाला सांगू, मुद्दामच विचारलं, "सोलूनच द्यायचं ना, काकू?"

त्यांना टोमणा कळला. त्यांनी आढ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आता सोलावंच लागंल बाई. दात न्हाईत. व्हते तवा तुज्या बापाच्या सफरचंदाची साल मीच खात व्हते."

माझा विश्वास बसला नाही. म्हातारी माणसं शेवटाला सगळं गोड करून ठेवतात, मी रोज बघते. मी सुरी चालवत राहिले. त्या थांबत थांबत बोलत होत्या. "ह्यांचं सक्त व्हतं. तुज्याकडचं आलं की डोळ्यानं खुणवायचे, सोल म्हनून. मी सोलायची. मागं शेळ्यांपाशी जाऊन साल खायची. त्यांच्या तोंडावर मला कदी बोलता आलं न्हाई. तुजा कप वायला ठेव म्हनले व्हते, ते मातर मी केलं न्हाई, त्यांना कळूच दिलं न्हाई." आणि त्या हसल्या, दात नसलेल्या तोंडानं.

तेव्हा मला शेळ्यांची टोपली आठवली. वाटाण्याच्या शेंगा, मेथीच्या काड्या, केळ्याच्या साली. सफरचंदाची साल नव्हती. इतकी वर्षं तो माझा सगळ्यात पक्का पुरावा होता. जाड सालीचंही मग आपोआप कळलं, अर्धा गर सालीबरोबर कुणासाठी जायचा ते. आणि त्या दिवशी मी मागितल्यावर मुठीत धरून आत नेलेल्या त्या चार फोडींच्या साली, त्यांचं काय झालं असेल, ते मला विचारवेना.

मी त्यांना माफबिफ केलं असं म्हणणार नाही. नवऱ्याला एकदा नाही म्हणाली असती ती, तर दादांना हवं ते उत्तर मिळालं असतं. पण मंचरची खोली मी ज्या बाईच्या तोंडावर फेकली, ती बाई ही नव्हती, आणि ते मला पंधरा वर्षं कळलं नाही, एवढी मी हुशार. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगता आलं. डोळे भरून आले होते, सुरी नीट दिसत नव्हती, आणि साल वेडीवाकडी, जाड निघत होती.

काकूंनी मान वळवून माझ्या हाताकडं बघितलं. म्हणाल्या, "पातळ काढ गं. आता ती खायला मी न्हाई."